साडेसहा हजारांचं रेन जॅकेट, सोहराचा पाऊस आणि आईची मिठाची पुडी

आधीच सांगून टाकते, पाचपैकी दोन स्टार, आणि त्यातला एक नुसत्या रंगासाठी. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच घोळ या भावातल्या बऱ्याच जॅकेटांत असणार असं मला आता वाटायला लागलंय, उगाच एकालाच कशाला झोडा.

तर झालं असं की जूनच्या शेवटी आम्ही तिघं, मी, नवरा आणि माझी आई, आठ दिवस मेघालयला गेलो. हो, जूनमध्ये. हो, मुद्दाम. ऑफिसात प्रत्येकाने विचारलं की अगं पावसाळ्यात कोण जातं चेरापुंजीला, अरे मग जायचं कधी, धबधबे आटल्यावर? दोन महिने आधीपासून तयारी, आणि त्या तयारीतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे हे जॅकेट, पुण्यातल्या एका चकचकीत दुकानातून घेतलेलं, मोरपंखी, साडेसहा हजार फक्त.

त्याच्या टॅगवर लिहिलं होतं 15,000 मिमी. आता गंमत बघा, सोहराचा (चेरापुंजीला तिकडे सोहराच म्हणतात) वर्षाचा सरासरी पाऊस 11,777 मिमी. नवऱ्याने दुकानातच मोबाईलवर हे काढून दाखवलं आणि म्हणाला, घे, अख्ख्या वर्षाचा पाऊस अंगावर पडला तरी तीन हजार शिल्लक. सेल्समन पण हसून हो हो म्हणाला. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की या मिमीचा त्या मिमीशी काडीचा संबंध नाही. टॅगवरचा आकडा म्हणजे त्या कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो साधारण 15 मीटर उंच होईपर्यंत पाणी आरपार येत नाही, म्हणजे दाबाची टेस्ट. आणि ती सुद्धा कापडाच्या तुकड्यावर. चेन, शिवण, खिसे, गळा या गोष्टी त्या टेस्टमध्ये नसतात, आणि पाणी नेमकं तिथूनच येतं.

तसंच झालं. सोहराला पहिल्याच सकाळी नोहकालिकाई धबधबा बघायला गेलो, 340 मीटर उंच म्हणतात, आम्हाला दिसलं ते पांढरं ढगाचं भिंताड आणि आतून येणारा आवाज. तिथे अर्धा तास उभे राहिलो, पाऊस असा की वरून कमी आणि बाजूने जास्त, आणि समोरच्या चेनवर झाकायची पट्टीच नसल्यामुळे छातीवर एक उभी ओली रेघ. खिशांची तोंडं वरच्या बाजूला तिरपी, म्हणजे हात घालायला सोयीची आणि पाणी साठवायला त्याहून सोयीची. मी मोबाईल काढायला हात घातला तर चक्क चूळ भरता येईल एवढं पाणी. हुडला पुढे टोपीसारखी कड नाही, त्यामुळे चष्म्यावर थेट धार. हे सगळं दुकानात आरशासमोर कळत नाही हो, घेताना अंगात घालून शॉवरखाली उभं राहायची सोय पाहिजे.

पण खरा प्रॉब्लेम हा नाहीच. खरा प्रॉब्लेम मला तिसऱ्या दिवशी कळला, नॉन्ग्रियाटच्या पायऱ्यांवर. तिर्ना गावातून खाली उतरायचं, साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, खाली तो रबराच्या झाडाच्या मुळांचा दुमजली जिवंत पूल, आणि मग तेवढंच परत वर. आईला होमस्टेवर ठेवून आम्ही दोघंच गेलो. जाताना ठीक होतं. चढताना वीस मिनिटांत मी आतून एवढी भिजले की बाहेर पाऊस थांबलाय हे मला कळलंच नाही. म्हणजे साडेसहा हजार देऊन मी स्वतःला प्रेशर कुकरमध्ये घालून घेतलं होतं.

याचं कारण नंतर नीट समजून घेतलं. ही जी श्वास घेणारी म्हणून विकली जाणारी जॅकेटं असतात ना, ती घामाची वाफ बाहेर सोडतात हे खरं, पण वाफ जाणार कुठे तर जिथे हवा कोरडी आहे तिथे. आत दमट, बाहेर कोरडं, तर ती सरकते. सोहराला जूनमध्ये बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली, पापड बशीत काढून ठेवला तर दहा मिनिटांत सादळेल अशी, तिथे वाफेने जायचं कुठे? शिवाय वरच्या कापडाला पाणी ओघळून जावं म्हणून एक लेप दिलेला असतो, तो सॅकचे पट्टे जिथे घासतात तिथे आधी जातो, माझ्या खांद्यांवर दुसऱ्याच दिवशी गडद ओले डाग. एकदा बाहेरचं कापड पाणी पिऊन बसलं की आतली वाफ आतच. काखेत चेन असती तर थोडी तरी हवा खेळली असती, पण या मॉडेलला ती नाही, त्याच्या वरच्याला आहे, दहा हजारांच्या.

आणि आमच्याबरोबर आलेला गाईड पोरगा? हाफ पँट, पातळ टीशर्ट, पायात रबरी सँडल. भिजत होता, चालत होता, थांबला की पाच मिनिटांत निम्मा वाळत होता. माझे पाणी आत न येणारे बूट (त्यांचा वेगळा रिव्ह्यू लिहीन, रक्तदाब ठीक असेल त्या दिवशी) वरून भरले आणि पाणी बाहेर जाऊ न देण्याचं काम त्यांनी परत येईपर्यंत इमानेइतबारे केलं.

आता तुलनेला दुसरी वस्तू. शिलाँगला पोलीस बाजारात फुटपाथवर घेतलेला प्लास्टिकचा पोंचो, दीडशे रुपये, घासाघीस न करता. खालून उघडा, त्यामुळे हवा खेळते. पाठीवरच्या सॅकसकट सगळं झाकतो. भिजल्यावर एक झटका मारला की कोरडा. तोटे: वारा आला की तुमचा पतंग होतो, आणि पायऱ्या चढताना पुढची कड पायाखाली येते, मी एकदा तशीच तोंडावर पडता पडता वाचले. म्हणून पायऱ्यांवर नको, पण सपाटीला, व्ह्यूपॉइंटला, गाडीतून उतरून देऊळ-बाजार करायला एकदम पैसे वसूल. याला चार स्टार. छत्री मात्र नेऊच नका, आमची पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली ती गेलीच.

तिसरी वस्तू विकत घेतलीच नाही, नुसती बघितली, आणि तिथे आईने आमची विकेट काढली. सोहराच्या बाहेर शेतात बायका वाकून काम करत होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावरून कमरेपर्यंत कासवाच्या पाठीसारखं काहीतरी. आमचा ड्रायव्हर सांगायला लागला की याला खासी भाषेत क्नुप म्हणतात, तेवढ्यात आई मागच्या सीटवरून ओरडली, "अगो बाय, ह्यां तर इरलां!" आई मूळची कुडाळची, लग्नानंतर चाळीस वर्षं पुण्यात काढली तरी एक्साइट झाली की मालवणी बाहेर येतं. गाडी थांबवायला लावली, उतरली, आणि एका बाईंचं ते क्नुप हातात घेऊन उलटंपालटं करून बघत बसली. बांबूच्या कामट्यांची विण, मध्ये पानं दाबून बसवलेली, कडेला वेताची बांधणी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते हे दोघी एकमेकींना हातवारे करून सांगत होत्या. त्यात हवा खेळते, कापड अंगाला चिकटतच नाही. आईने घालून पण बघितलं. तिला एक घेऊन यायचं होतं, विमानात कुठे ठेवणार म्हणून आम्ही नको म्हटलं, ते ती अजून ऐकवते.

तसाही पाऊस येतो सोहराला आणि आंबोलीला एकाच पद्धतीने, समुद्रावरून भरून आलेले ढग वाटेतल्या भिंतीला थडकतात, तिकडे खासी टेकड्यांची दक्षिणेची कडा, इकडे सह्याद्री. फरक एवढाच की तिकडे 1860 च्या ऑगस्टपासून 1861 च्या जुलैपर्यंत 26,461 मिमी मोजलाय. एक चांगलं म्हणजे बराचसा पाऊस रात्री आणि पहाटे कोसळतो, त्यामुळे दिवसा फिरायला फट मिळते. आणि फिरणं लवकर उरका, पहाटे साडेचारला लख्ख उजेड असतो आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला अंधार.

पॅकिंगबद्दल विचारणार असाल तर मी नवऱ्याच्या यादीपेक्षा आईची पिशवी रेकमेंड करेन. आम्ही सबट्रॉपिकल ट्रिपची यादी म्हणून जे काही वाचलं त्यात सगळीकडे हॅट, गॉगल, लिननचा शर्ट. मेघालय कर्कवृत्ताच्या वर, 25 अंशांच्या आसपास, म्हणजे पुस्तकात उपोष्णच, पण गुवाहाटीला उतरलो तर घामाच्या धारा, तीन-चार तासांत 1,500 मीटरवर शिलाँगला संध्याकाळी स्वेटर, आणि बांगलादेशच्या सीमेवर डावकीला खाली उतरलो तर परत धारा. (डावकीची ती काचेसारखी नदी हिवाळ्यातली हं, पावसाळ्यात गढूळ असते, फोटो बघून जूनमध्ये जाऊ नका.) एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ, पटकन वाळणारे, सिंथेटिक कपडे बरे. जीन्स तर अजिबात नको. नवऱ्याची जीन्स तीन दिवस वाळली नाही, शेवटी होमस्टेच्या काँगने (तिकडे मोठ्या बहिणीला, बाईमाणसाला काँग म्हणतात) ती स्वैपाकघरात चुलीवरच्या दांडीवर टाकली, वाळली, पण पुण्यात येईपर्यंत त्याला धुरी दिलेल्या बांगड्यासारखा वास.

आईच्या पिशवीत काय होतं: तीन पंचे, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सुंठ, कापूर, भरपूर प्लास्टिकच्या पिशव्या आणि मिठाची पुडी. नवरा हसला होता तिला. आमचे टर्किश टॉवेल आठ दिवस कुबट वास मारत होते, पंचा रात्री पिळून टाकला की सकाळी वापरण्याइतका वाळलेला. वर्तमानपत्राचे बोळे रात्रभर बुटांत. आणि मीठ कशाला तर जळवांना. नॉन्ग्रियाटहून येताना माझ्या घोट्यावर दोन, नवऱ्याच्या कुठे ते लिहीत नाही. मीठ चिमूटभर टाकलं की सुटून पडतात, रक्त मात्र बराच वेळ वाहतं कारण ती चावताना रक्त गोठू न देणारं काहीतरी सोडते, घाबरायचं नाही, स्वच्छ धुवायचं आणि दाबून धरायचं.

परत आल्यावर जॅकेट घेऊन दुकानात गेले. वापरलेला माल परत घेत नाही, हे अपेक्षितच होतं. त्या पोराने वर सल्ला दिला की मॅडम हे ट्रेकिंगसाठी नाही, डेली यूजसाठी आहे. टॅगवर डोंगराचं चित्र आहे, मी बोट ठेवून दाखवलं, तो डोंगराकडे बघून म्हणाला, ते लोगो आहे.

एक सांगते, ज्यांनी घेतलंय त्यांनी ते घडी घालून माळ्यावर ओलं टाकू नका. आतला प्लास्टिकसारखा थर दमटपणाने चिकट होतो आणि दोन पावसाळ्यांत पांढरे पापुद्रे सुटायला लागतात, माझ्या आधीच्या रेनकोटचं तेच झालं होतं. पूर्ण वाळवून हँगरवर टांगा.

सध्या ते नवरा स्कूटरवर घालतो. कात्रजपासून ऑफिस वीस मिनिटं, चढायचं नाही, घाम नाही, तेवढ्यात मस्त चालतं म्हणे. बरं, अडीच स्टार करा.