स्विफ्टला चाकं कोणती: १४, १५ की १६?

माझी स्विफ्ट २०१९ची, व्हीएक्सआय मॉडेल. शोरूममधून आली ती १४ इंची लोखंडी रिमवर, १६५/८० आर १४ टायरसकट (१६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत). मधली दीड वर्षं ती १६च्या अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या रिमवर चालली आणि आता परत १४वर आली आहे. १५चा अनुभव धाकट्या भावाच्या स्विफ्टचा, झेडएक्सआय मॉडेलचा. ती गाडी मी पुणे-चिपळूण इतक्या वेळा चालवली आहे की जवळजवळ माझीच म्हणा. चाकं बदलू की नको, या विचारात असाल तर माझा अनुभव कदाचित कामाला येईल.

आधी एक छोटा हिशेब. १६५/८० आर १४, १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ या तिन्ही टायरांची बाहेरून उंची जवळपास एकच भरते, ६२० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, गाडी वर-खालीही होत नाही. फरक पडतो तो रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर किती उरतं यात. १४ला साइडवॉल १३२ मिलिमीटर, १५ला १२०, १६ला १०७. म्हणजे १४वरून १६वर गेलात की बोटाच्या पेराएवढी गादी कमी झाली. दुकानात नवीन चाकं बघताना हे पेर कुणाच्या लक्षात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

१६ लावल्यावर गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. आणि नुसती दिसतच नाही. कोयनानगर सोडून कुंभार्ली घाट उतरताना वळणावर गाडी अंग टाकायची ती थांबली. स्टिअरिंग हलकंसं वळवलं की लगेच उत्तर मिळायचं. कोरड्या रस्त्यावर ब्रेक जास्त भरवशाचे वाटायचे, अर्थात त्यातलं काही १९५च्या रुंदीचं आणि काही नव्या टायरचं असेल. पहिले सहा महिने मी खरोखर खूश होतो.

मग पावसाळा आला. पाटणच्या पुढे रात्री एक खड्डा लागला, पाण्याने काठोकाठ भरलेला, त्यामुळे सपाट रस्त्यासारखाच दिसत होता. डावं पुढचं चाक दणकून आदळलं. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. टायर फुटला नव्हता, फुगाही आला नव्हता. सुटलो म्हणून घरी आलो.

चार दिवसांनी सकाळी ते चाक जरा बसल्यासारखं वाटलं. गेज लावलं तर हवा ३३ पीएसआयच्या जागी २४. हवा भरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंक्चरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवून सावकाश फिरवलं, ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, एकही बुडबुडा नाही. मग त्याने साबणाचं पाणी ब्रशने रिमच्या आतल्या कडेला लावलं आणि आम्ही दोघं बघत बसलो. वीतभर जागेत मोहरीएवढे बुडबुडे एकाला एक लागून हळूहळू फुगत होते. "दादा, पंक्चर नाही हे," तो म्हणाला, "आतून रिमला बेंड आहे." बोट फिरवलं तेव्हा कळलं. कड दोनेक मिलिमीटर दबली होती. नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं.

लोखंडी रिम असती तर त्याने तिथेच चार हातोडे घालून सरळ करून दिली असती. अलॉयला हात लावायला तो तयार होईना, आणि त्याचं बरोबरच होतं, कारण अलॉय अशी ठोकली तर तडा जायची भीती. बेंड काढणारं मशीन कराडला. गेलो, काढून आणलं, महिनाभर बरं चाललं, आणि मग मागच्या चाकाला तोच आजार सुरू झाला.

माझ्यासाठी निर्णय झाला तो इथेच. एकदाचा खर्च माणूस सोसतो. पण सकाळी सातला मुलीला शाळेत सोडायला निघताना, तिच्या दप्तराकडे लक्ष जायच्या आधी चाकाकडे जायचं. डिकीत कॉम्प्रेसर कायमचा. आई बरोबर असली की अंधार पडायच्या आत घाट उतरायचाच, म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठून निघालो आहे. गाडी ज्या निवांतपणासाठी घेतली तोच गेला.

लोखंडी रिम धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या दमट हवेत तिच्या कडेला गंज धरतो आणि तिथूनही हवा जाते. पण तारेचा ब्रश मारून रंग लावला की काम झालं, आणि तेही गावातच, चहा होईपर्यंत.

आता १५बद्दल. मनापासून सांगायचं तर तिघांत सगळ्यात समतोल चाक हेच. भावाची गाडी एक्सप्रेसवेवर १००ने जाताना जी शांत असते ती माझ्या जुन्या १६५ टायरवर कधीच नव्हती. शेजारून मोठा ट्रक गेला की माझी गाडी हलायची, त्याची हलत नाही. इतक्या वर्षांत त्याची एकही रिम वाकलेली नाही, पण तो राहतो पुण्यात आणि खड्ड्यांतून जातो तो बहुतेक आमच्याकडे येतानाच. तुमच्या गाडीला कंपनीचीच १५ असतील तर मुळीच बदलू नका. १४वरून १५वर जायचं असेल तर कंपनीची काढलेली चाकं शोधा. १६ लावणारे लोक ती विकतात आणि चांगली मिळतात. फक्त घेण्याआधी चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या, आतली कड वाकलेली असेल तर लगेच कळतं.

बाहेरची अलॉय घेतलीत तर चार होल आणि १००चं पीसीडी (त्या होलांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) जुळलं एवढ्यावर थांबू नका. स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, रिमचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं लागतं. बाजारातल्या बऱ्याच रिमचं त्याहून मोठं असतं आणि ती फट भरायला मध्ये हब रिंग घालावी लागते. माझ्या दुकानदाराने ती घातलीच नव्हती, ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागल्यावर कळलं. इन्शुरन्सवाल्यांनाही आधी कळवलेलं बरं.

परत १४वर आलो तेव्हा मी १६५/८० घेतले नाहीत, त्याच लोखंडी रिमवर १८५/७० आर १४ चढवले. उंचीत पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटरला एक टक्काही नाही. साइडवॉल जवळपास १३० मिलिमीटर राहते आणि रस्त्यावर टेकणारा पट्टा १५एवढाच रुंद. ओल्या रस्त्यावरची पकड मला स्पष्ट सुधारलेली जाणवते. स्टिअरिंग पार्किंगमध्ये किंचित जड झालं, आणि माझ्या टाकी-ते-टाकी हिशेबाने लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर गेला. हा साइज या गाडीच्या पुस्तकात नाही, तेव्हा वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्या. आणि दुकानात "तेच आहे" म्हणत १८५/६५ आर १४ पुढे केला तर नको म्हणा. त्याची उंची ५९६च भरते, गाडी सेंटिमीटरभर खाली बसते आणि काटा खरा वेग सोडून जास्त दाखवतो.

रोजचा रस्ता गुळगुळीत असेल, हायवे जास्त असेल, तर १५ घ्या, माझं काही म्हणणं नाही. १६ची हौस असेल तर तीही समजू शकतो. माझा सेट पिंपरीच्या एका मुलाने नेला. दोन्ही बेंड मी बोट लावून दाखवले होते, तरी त्याला हवाच होता, आणि तो समाधानी आहे. पण घाट, कोकण, गावाकडचा रस्ता आणि पावसाळ्याचे चार महिने ज्यांच्या वाट्याला आहेत त्यांनी निदान एकदा १४चा विचार करून बघावा असं मला वाटतं.

मी टायर पाच घेतले. स्टेपनीही त्याच मापाची असल्याने दर दहा हजार किलोमीटरला पाचही चाकांच्या जागा आलटून-पालटून बदलता येतात. हवा महिन्यातून एकदा बघतो. कॉम्प्रेसर अजून डिकीतच आहे. गेल्या पावसाळ्यात तो एकदाच बाहेर काढला, घाटात लेकराबाळांसकट उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीसाठी.