अल्टिमा ७ नव्या लॅपटॉपवर: डॉसबॉक्स घ्यावा की एक्झल्ट?

आधी निकाल सांगते, कारणं मागनं. ‘अल्टिमा ७: द ब्लॅक गेट’ हा डॉसच्या जमान्यातला कॉम्प्युटर गेम पूर्वी खेळला असाल तर डॉसबॉक्स घ्या, म्हणजे डॉसवरचे जुने खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. पहिल्यांदाच खेळणार असाल तर एक्झल्ट, म्हणजे हा खेळ थेट नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. दोन्ही फुकट आहेत. खेळ मात्र विकत घ्यावा लागतो, तो गॉग या ऑनलाइन दुकानात मिळतो. सोबत पुस्तिका आणि नकाशाच्या पीडीएफ येतात, त्या उघडून बघायच्या. खेळातल्या ट्रिन्सिक गावाची वेस ओलांडण्याआधी तिथला महापौर फिनिगन त्यातलेच प्रश्न विचारतो. चोरून कॉपी केलेल्यांना अडवायची ती १९९२ सालची युक्ती. आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासात हा खेळ पुस्तिकेशिवायच आला होता, त्यामुळे आमचा अख्खा वर्ग ट्रिन्सिकमध्येच अडकलेला.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ नाही, पण सेटिंगची फाइल उघडायला घाबरतही नाही. एवढी तयारी पुरते.

नव्या विंडोजवर हा खेळ नुसता डबल क्लिक करून चालत नाही, कारण ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. खरं तर त्या काळातही हा खेळ भलता हट्टी होता. ३८६ प्रोसेसर आणि २ एमबी मेमरी एवढीच त्याची मागणी, पण मेमरीचा कारभार तो स्वतःच्या ‘वूडू’ पद्धतीनं करायचा. ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम आधीच मेमरीत बसलेला असला की दोघांचं पटायचं नाही. मग यासाठी वेगळी बूट फ्लॉपी करा, मशीन बंद करून तिच्यावरनं चालू करा, असा सगळा सोहळा.

डॉसबॉक्स हा सोहळा संपवतो. तो आपल्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटरच उभा करतो, आवाजाच्या साउंड ब्लास्टर कार्डासकट. विंडोजवर खेळाची मुख्य फाइल उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर टाकली तरी फोल्डर आपोआप जोडला जातो, कमांड पाठ करायची गरज नाही. कॉन्फिग फाइलीत ईएमएस (ईएमएम३८६ पुरवायचा ती जादा मेमरी) तेवढं ‘फॉल्स’ करून ठेवायचं. गॉगच्या खेळासोबत डॉसबॉक्स तयारच येतो, त्यामुळे बऱ्याच जणांना हेही करावं लागणार नाही.

खरी गोम आहे वेगात. डॉसबॉक्स सुरुवातीला ३००० सायकल्स (त्याच्या आतल्या कॉम्प्युटरच्या वेगाचं माप) देतो, आणि तेवढ्यात अवतार, म्हणजे आपणच, चिखलातून चालल्यासारखा चालतो. माझा भाचा शेजारी बसून म्हणाला, “आत्या, हे असलंच हळू असतंय का?” नसतंय. कंट्रोल दाबून एफ१२ दाबत गेलं की वेग वाढतो, एफ११ नं कमी होतो. मी २५००० च्या आसपास थांबले, तिथं चाल सरळ झाली. ‘मॅक्स’ मात्र लावू नका. या खेळाचा वेग मशीनच्या वेगावर ठरतो, त्यामुळे माणसं भूत लागल्यासारखी धावतात. शिवाय प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण राबतो आणि पंखा बोंबलायला लागतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना मांडीवरचा लॅपटॉप तसाच नको झालेला असतो.

एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल तर खेळातल्या ब्रिटानिया देशात फिरून बघा. पीठ आणि पाणी एकत्र केलं की कणीक होते, कणीक भट्टीवर ठेवली की पाव. सोबतच्यांना भूक लागली की ते कुरकुरतात, त्यांना खायला घालावं लागतं. आणि माग आहे! लोकर चरख्यावर टाकली की सूत, सूत मागावर टाकलं की कापड, कापडाला कात्री लावली की जखमेवर बांधायच्या पट्ट्या. ताणा न लावता, कांजी न करता कापड कसं निघतं हे मागवाल्या गावातल्या कुणीतरी हा खेळ काढणाऱ्या ओरिजिन कंपनीला तेव्हा विचारायला हवं होतं. पण माग खरोखर चालवता येतो, हे १९९२ सालच्या खेळात बघून मला आजही मौज वाटते. मुख्य गोष्ट आहे तबेल्यात झालेल्या एका लोहाराच्या खुनाच्या तपासाची. माझा तपास मागापाशी बराच रेंगाळतो.

आता एक्झल्ट. यात जुना कॉम्प्युटर उभा करायची भानगड नाही. खेळाचं इंजिनच नव्यानं लिहिलंय, आपण विकत घेतलेल्या खेळाच्या फाइली त्याला फक्त दाखवायच्या. वेगाची कटकट नाही. खिडकी हवी तेवढी मोठी करता येते आणि एकदम बराच मुलूख दिसतो. भाच्याला तेच आवडलं. मला नाही. ३२० बाय २०० च्या चौकटीत घराच्या पलीकडं काय आहे ते चालत जाऊन बघावं लागायचं, आणि त्या जगाचं मोठेपण मला त्यातच वाटायचं. त्याचं म्हणणं, हा नुसता जुन्याचा हट्ट. असेल की.

डॉसबॉक्स घेणार असाल तर त्याचीच सुधारून काढलेली ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ ही आवृत्तीही बघा. जुन्या पडद्यासारखं चित्र तिथं फारसं काही न करता मिळतं.

दोन्हीकडं लागू होणारी एक गोष्ट: टचपॅडवर हा खेळ होत नाही. चालायला उजवं बटण दाबून धरावं लागतं, वस्तू ओढून पिशवीत टाकाव्या लागतात. साधा तारेचा माउस घ्या. आणि शेजारी वही ठेवा, कारण कुणी काय सांगितलं याची नोंद मूळ खेळ स्वतः ठेवत नाही.