सांगलीत मुलांच्या कपड्यांचे पॅटर्न मापाला बसते करून देणाऱ्या काकू

लहान मुलांचे कपडे घरी शिवत असाल आणि सांगली-मिरजेच्या आसपास राहत असाल तर गावभागातल्या या काकूंकडे एकदा जाच. त्या कपडे शिवून देत नाहीत हां, फक्त कागद करून देतात, म्हणजे आपण नेटवरून घेतलेला नाहीतर मासिकातला पॅटर्न (कापड बेतायचा कागदी नमुना) आपल्या लेकराच्या मापाला बसता करून ब्राउन पेपरवर उतरवून देतात आणि कुठे काय बदललं ते समोर बसवून दाखवतात. नाव-नंबर टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, गावभागात शिवणक्लासवाल्या काकू कुठे राहतात विचारलं की घर सापडतं.

माझी मुलगी पाच वर्षांची, उंची ११० सेंटीमीटर आणि छाती जेमतेम ५४. एका साईटवरून पाच वर्षांच्या मुलीचा म्हणून फ्रॉकचा पॅटर्न विकत घेतला होता, त्यात साईज नुसती वयावर, मापांचा तक्ता कुठेच नाही. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता, गळा पुढे लोंबत होता, काखेत नुसतं कापड गोळा. मेल केला तर उत्तर आलं की एक साईज लहान घ्या. अहो पण लहान घेतला की लांबीला तोकडा होतो त्याचं काय?

काकूंनी वय विचारलंच नाही. "छाती किती गं पोरीची? बाकी मग बघू." त्यांचं म्हणणं असं की लहान मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंच होतात पण रुंदीला त्या मानाने फारच कमी वाढतात, त्यामुळे पॅटर्न कायम छातीवरून निवडायचा आणि लांबी आपण वाढवायची, कारण लांबी वाढवणं सोपं आणि खांदा-गळा कमी करत बसणं महाकटकटीचं. युरोपातले पॅटर्न उंचीवर असतात, ९८, १०४, ११०, ११६ असे सहा-सहाच्या टप्प्याने, आणि दोन साईजमध्ये छातीचा फरक असतो जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. मुलीसाठी त्यांनी ९८ चा कागद घेतला आणि लांबी ११० ची केली.

ही लांबी कशी वाढवली ते मी डोळे फाडून बघितलं कारण मला वाटायचं खालून घेर लांब केला की झालं. वरच्या भागाला एकूण एक इंच हवा होता, तो त्यांनी दोन ठिकाणी वाटला. मुंढ्याच्या (बाही जिथे जोडतात त्या काखेभोवतीच्या गोलाईच्या) मधोमध आडवी रेघ मारून कागद कापला, दोन तुकडे पाव इंच लांब सरकवून मध्ये पट्टी चिकटवली, मग मुंढा आणि कंबरेच्या मध्ये परत कापून तिथे पाऊण इंच. पुढचा मागचा दोन्ही भाग तसेच. आता मुंढा मोठा झाला म्हणजे बाहीचा गोलवा (वरची गोल कड) पण वाढायला हवा, नाहीतर बाही मुंढ्याला पुरणार नाही, म्हणून बाही पण गोलव्यात आडवी कापून पाव इंच उघडली आणि तुटलेली गोलाई परत हाताने काढली. शेवटी टेप कडेवर उभी धरून मुंढा मोजला, बाही मोजली, बाही थोडीशी जास्त निघाली, तेवढी झोळ म्हणून, म्हणजे सैलपणासाठी, लागतेच म्हणाल्या. मग खाली घेराला दोन इंच, आणि आतून अजून दोन इंच दुमड ठेवायला सांगितली म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सोडता येईल.

धाकट्याचं उलट आहे, तो गुटगुटीत आणि पोट पुढे, त्याचा शर्ट समोरून वर चढतो. त्याच्या कागदात गळा आणि खांद्याला हातच लावला नाही, बाजूच्या शिलाईला मुंढ्याच्या खालपासून प्रत्येक कडेला पाव इंच वाढवला. मी म्हटलं पावच? तर पुढचे दोन मागचे दोन मिळून एक इंच होतो हे त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. आणि समोर मधोमध अर्धा इंच जास्त लांबी, बाजूला जाईपर्यंत कमी होत होत शून्य. चड्डीला पण इलास्टिकच्या इथे समोरून थोडी उंची दिली. शर्ट आता खरंच सरळ राहतो, हात वर केला तरी पोट दिसत नाही.

प्रिंट काढून नेणार असाल तर एक बघा. अमेरिकन पॅटर्न लेटर साईजच्या पानावर असतात आणि आपल्याकडे ए-फोर, प्रिंटवाला पान बसवायला म्हणून छोटं करतो. ९७ टक्क्यांवर निघालं तरी ६० सेंटीमीटरचे ५८ च राहतात, लहान मुलाच्या कपड्यात तेवढा फरक लगेच जाणवतो. म्हणून प्रिंट १०० टक्क्यांवरच काढायला सांगा. काकू आधी पट्टी घेऊन पानावरचा टेस्टचा चौकोन (प्रिंट बरोबर मापात आलीय का ते बघायला छापलेला) मोजतात, तो बरोबर नसेल तर पुढे बघतच नाहीत. मग विचारतात माया, म्हणजे शिलाईसाठी कडेने सोडायचं जादा कापड, धरलीय का. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स या अमेरिकन कंपन्यांच्या पॅटर्नच्या पाकिटात पाच सूत (इंचाचे पाच अष्टमांश) माया धरलेली असते, बर्डा या जर्मन मासिकात नसते, आपल्यालाच सोडावी लागते, आणि एकीचा भाग दुसरीत मिसळला की सगळा घोळ. गळ्याचं पण तसंच, बटण नसेल तर गळ्याची गोलाई डोक्याच्या घेरापेक्षा मोठी पाहिजे, चार-पाच वर्षांच्या मुलाचं डोकं पन्नास सेंटीमीटरच्या आसपास असतं, तेवढं मोजल्याशिवाय त्या कागद हातात देत नाहीत.

एका पॅटर्नचे २०० रुपये घेतात, बाही-कॉलर असेल तर २५०. मला तरी हे स्वस्तच वाटतं कारण कागद आपल्याकडेच राहतो आणि जिथे कापलंय तिथे रेघा असतात, पुढच्या वर्षी तीच रेघ उघडून अजून वाढवता येतं. वर मांजरपाटाचा (स्वस्त जाड्याभरड्या सुती कापडाचा) नुसता वरचा भाग शिवून अंगावर घालून बघा मगच चांगलं कापड कापा असं बजावतात, आणि सुती कापड आधी भिजवून वाळवायला लावतात. मी कापड पेठेतून घेतलेलं कॉटन भिजवल्यावर खरंच आटलं, आधी बेतलं असतं तर गेलं होतं सगळं.

आता न पटलेलं. कागदावर सगळं पेन्सिलीने लिहितात, घडी घालून ठेवलं की पुसट होतं, घरी आल्या आल्या पेनने गिरवून घ्या, तारीख आणि त्या दिवशीची छाती-उंची पण लिहा. सांगितलेल्या दिवशी काम मिळेलच असं नाही, फोन तर क्लास चालू असताना उचलतच नाहीत. दिवाळीच्या आधी आणि शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसात नवीन काम घेत नाहीत, तेव्हा गणपतीतच देऊन टाका. जिना अरुंद आहे, २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतले सगळे कागद भिजून गेले तेव्हापासून क्लास वरच्या मजल्यावर नेलाय, सोबत लहान मूल असेल तर हाताला धरा. पण मुलाला न्याच, कागदावरच्या मापापेक्षा समोर उभं केलेलं मूल त्यांना जास्त कळतं, खांदा उतरता आहे की सरळ ते नुसतं बघून सांगतात. होजिअरीचं (ताणल्या जाणाऱ्या कापडाचं) काम करत नाहीत, टी-शर्ट लेगिंगचे पॅटर्न घेऊन जाऊ नका.