बिलावर २५० वॅट आणि रोडवर ३००० वॅट : बिनपासिंगच्या चार्जिंग स्कूटीत मी कसा फसलो

पासिंग नाही, लायसन नाही, इन्शुरन्स नाही आणि गाडी पासष्टने पळती. या चार गोष्टी एका दमात कुणी सांगितल्या तर त्या दुकानातून लगेच बाहेर पडा, कारण त्या एका गाडीत कायद्याने एकत्र येऊच शकत नाहीत. मला हे ९२ हजार रुपये गेल्यावर आणि एका माणसाचा हात मोडल्यावर कळलं.

मी परभणीत एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. सकाळी मोंढा, दुपारी पिंगळी, नाहीतर गंगाखेड रोडने पोखर्णी, कधी दैठण्यापर्यंत, रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर ठरलेलं. राज्यात पेट्रोल जिथं सगळ्यात महाग त्यात परभणीचं नाव, हे दर दोन-चार महिन्याला पेपरात येतंच, त्यामुळं महिन्याला पावणेतीन-तीन हजार नुसते टाकीत जायचे आणि कमिशनमध्ये हातात काय उरायचं ते एजंट माणसालाच माहीत. म्हणून उरुसाच्या दिवसात एका दुकानाचं पॅम्प्लेट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, '३००० वॅट, ७२ व्होल्ट ४० एएच लिथियम, एका चार्जिंगमध्ये १२० किमी, नो आरटीओ नो लायसन', तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती करंट किती तास पुरंल त्याचं माप.)

गाडी दिसायला एकदम दमदार होती. मोठे टायर, रुंद सीट, पुढं डिस्क. ट्रायल घेतली तर पहिल्यांदा पंचवीसच्या पुढं जाईना. दुकानदार म्हणाला, "काका, हे लॉक हाय, कंपनीकडून असंच येतंय." आणि त्यानं माझ्यासमोर सीटखालचं झाकण उघडलं, कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डबीतून, आलेल्या दोन बारीक पांढऱ्या वायरींचा एक छोटा जोड होता तो चिमट्यानं ओढून सोडला, टेप गुंडाळली, झाकण लावलं. दोन मिनिटाचं काम. परत ट्रायल घेतली तर गाडी हातातून सुटल्यासारखी पळाली. मला वाटलं या माणसानं आपलं काम केलं, माझ्यावर मेहेरबानीच केली. त्या दोन वायरींचा अर्थ तेव्हा मला कळला नाही, आज पूर्ण कळतो.

भाव ठरला ९२ हजार. ५१ हजार फोनवरून पाठवले आणि ४१ हजार रोख, कारण तो म्हणाला पूर्ण रकमेचं बिल घेतलं तर जीएसटी तुम्हालाच पडन. आता हिशोब बघा. चार्जिंगच्या गाडीला जीएसटी पाच टक्के आहे. ४१ हजाराचे पाच टक्के म्हणजे २०५० रुपये. एवढ्या रकमेसाठी मी ४१ हजाराचा पुरावा सोडून दिला, दिवसभर लोकाच्या पैशाची पावती फाडणारा माणूस मी, स्वतःच्या पैशाची पावती नाही घेतली. बिलाची घडी घातली आणि कपाटात टाकलं, वाचलं नाही.

पहिले दोन महिने लई खुश होतो. मग एप्रिलपासून लक्षात यायला लागलं की गाडी १२० सोडा, पन्नासलाही टेकत नाही. दुकानदाराला फोन केला की एकच उत्तर, तुम्ही फास्ट चालवता, दोघं बसता, ऊन लई हाय. थोडं खरंही असतं त्यात, स्पीड वाढला की बॅटरी जास्त खर्च होतेच, म्हणून मी एवढे दिवस ऐकून घेतलं.

माझा भाचा मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. मे महिन्यात त्याच्या दुकानात गाडी चार्जिंगला लावून चहा पीत बसलो होतो. त्यानं चार्जरवरचं स्टिकर वाचलं आणि विचारलं, "मामा, पूर्ण उतरलेली बॅटरी किती वेळात भरते?" म्हटलं अडीच-पावणेतीन तास. तो म्हणाला, "चार्जर १० अँपिअरचा हाय. ४० एएच बॅटरी असती तर चार तासाच्या आत भरूच शकत नाही. मामा, आत ४० नाही."

मग आम्ही सीट काढली. बॅटरीच्या पत्र्याच्या पेटीवर चमकदार स्टिकर, ७२ व्होल्ट ४० एएच. एका कोपऱ्यात ते उन्हानं फुगलं होतं. भाच्यानं नखानं धरून हळूहळू सोललं, डिंक तार धरत होता, आणि खाली दुसरं मळकं स्टिकर निघालं. ७२ व्होल्ट २४ एएच. आम्ही दोघं काही वेळ काही बोललोच नाही. ७२ गुणिले २४ म्हणजे १७२८ वॅट-अवर, हजाराचं एक युनिट धरलं तर पावणेदोन युनिट पण नाही. मला सांगितलेली बॅटरी २८८० ची, जवळपास तीन युनिटची होती. माझ्यासारख्या वजनाचा माणूस रोडवर पळवतो तेव्हा किलोमीटरला पस्तीसच्या आसपास वॅट-अवर जातात, म्हणजे अठ्ठेचाळीस-पन्नास किलोमीटर. जे मला मिळत होतं तेच. गाडीत बिघाड काहीच नव्हता, मला मालच तेवढा दिला होता.

मग त्यानं डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीतून किती करंट जातो ते दाखवणारं मीटर, बॅटरीच्या वायरीला लावलं, मला चालवायला लावलं, आपण मागं बसून आकडा बघत राहिला. चढावर पूर्ण रेस दिल्यावर ३८ अँपिअर. म्हणजे अडीच हजार वॅटच्या वर. मोटर खरोखरच दांडगी होती. मला वाटलं चला, निदान मोटर तरी खरी दिली. भाचा मात्र गप्प झाला आणि म्हणाला, "मामा, घरी जाऊन आधी बिल काढा."

बिल काढलं. त्यावर लिहिलेलं, लो स्पीड ई-स्कूटर, मोटर २५० वॅट, स्पीड २५, बॅटरी ७२ व्होल्ट २४ एएच.

हे दोनदा वाचा. बॅटरीबद्दल बिल खरं बोलत होतं, स्टिकर खोटं होतं. आणि मोटरबद्दल पॅम्प्लेट खरं होतं, बिल खोटं होतं. दोन्हीकडून दुकानदार सुटतो आणि दोन्हीकडून मी अडकतो.

नियम असा आहे. मोटरची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी, जास्तीत जास्त स्पीड २५ पेक्षा कमी आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या आत असेल, तरच ती कायद्यानं मोटार वाहन धरत नाहीत, तरच पासिंग, लायसन, इन्शुरन्स लागत नाही. तिन्ही अटी एकदम पाहिजेत. यात वॅटचा हिशोब तीस मिनिटाच्या पॉवरवर, म्हणजे मोटर सलग तीस मिनिटं देऊ शकेल त्या पॉवरवर असतो, त्यामुळं क्षणभर जास्त करंट ओढला एवढ्यानं गाडी बेकायदा ठरत नाही, आणि दुकानदार हाच मुद्दा पुढं करतात. पण स्पीड पंचवीसच्या वर गेला की विषय संपला. कागद मिळवताना लॉक लावलेली गाडी दाखवायची आणि विकताना लॉक काढून द्यायचं, हा सगळा धंदा त्या दोन पांढऱ्या वायरींवर चालतो.

बिल घेऊन दुकानात गेलो. मला वाटलं होतं भांडण होईल, आवाज चढंल. काहीच नाही. त्यानं शांतपणे माझंच बिल माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाला, "काका, आम्ही २५० वॅटची गाडी दिली, बिलात लिहिलंय. २४ एएच पण लिहिलंय. लॉक नंतर तुम्हीच काढून घेतलं असल. विनापरवानगी बदल केला तर मालकाला दंड हाय, बघा बुवा." मला घाम फुटला. कारण तो म्हणतो ते खरं आहे, गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यापर्यंत जेल, नाहीतर दोन्ही आहे. पासिंग नसेल तर ५००० पर्यंत वेगळे, इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २००० वेगळे. माझ्या डोळ्यासमोर त्यानं चिमटा चालवला आणि आता गुन्हेगार मी.

भाचा म्हणाला होता गाडी उभी करा. मी नाही केली. पोट त्याच गाडीवर होतं, दुसरी घ्यायला पैसे नव्हते, म्हटलं हळू चालवू. ही चूक दुकानदाराची नाही, माझी आहे, आणि ती मी लपवणार नाही.

जुलैत पहिला चांगला पाऊस पडून गेला होता. आपल्याकडं वावरातून ट्रॅक्टर निघाला की काळ्या मातीचे ढेकळं थेट डांबरावर येऊन पडतात, वरून भुरभुर पाऊस झाला की त्याचा लोण्यासारखा थर होतो. पोखर्णीच्या अलीकडं एक माणूस मोटरसायकल घेऊन पांदणीतून रोडवर आला. माझा स्पीड पन्नासच्या वर होता. बॅटरीच्या गाडीला आवाज नाही, त्याला मी ऐकूच आलो नाही. मी ब्रेक दाबला, पुढचं चाक जागेवर जाम झालं आणि गाडी आडवी होऊन सरळ त्याच्यावर गेली. डिस्क होती पण ब्रेकची सगळी जोडणी, फोर्क, टायर, सगळं पंचवीसच्या गाडीचं. पासिंगच्या स्कूटरला एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकाला लागेल अशी कॉम्बी ब्रेकची सोय असते, माझ्या गाडीत काही नव्हतं. मला खरचटलं, हेल्मेटमुळं डोकं वाचलं. त्या माणसाचं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली.

दवाखान्यात त्याच्या भावानं पहिला प्रश्न विचारला, "इन्शुरन्स हाय ना गाडीला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेट्रोलच्या जुन्या स्कूटीला थर्ड पार्टी इन्शुरन्स होता, वर्षाला किती थोडे पैसे जायचे त्याचे, आणि ते वाचले म्हणून मी खुश झालो होतो. ६४ हजार माझ्या खिशातून गेले, त्यातले चाळीस मेहुण्याकडून उसने. माणसं भली, म्हणून पोलिसात गेले नाहीत. त्याचा जीव गेला असता तर भरपाई किती लाखाची लागली असती आणि ती कुणी भरली असती, घर विकून तरी भरून निघाली असती का, हा विचार करून मला आजही रात्री झोप लागत नाही.

लातूरला, नांदेडला, संभाजीनगरला क्लाससाठी पोरं ठेवणाऱ्या आईबापांनी हे नीट ऐकावं. 'लायसन लागत नाही' म्हणून अकरावीच्या पोराला अशी लॉक काढलेली गाडी देऊ नका. पकडलं तर कायद्यानं पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षापर्यंत जेल आहे, पण दंड जाऊ द्या, ही मोटर पेट्रोलसारखी हळूहळू जोर धरत नाही, मूठ पिळली की सगळा जोर एकदम येतो, सोळा वर्षाच्या हाताला तो सावरत नाही.

पॉवरफुल गाडी घ्यायची तर जरूर घ्या, मी चार्जिंगच्या गाडीच्या विरोधात नाही, पण पासिंगची घ्या. खाजगी गाडीला हिरवी नंबर प्लेट, वर पांढरी अक्षरं, आपल्याकडं एमएच २२. 'पासिंगचा खर्च वाचतो' ही पण थापच आहे, बॅटरीच्या गाडीची रजिस्ट्रेशन फी केंद्रानं ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केलीय. पैसे द्यायच्या आधी फॉर्म २१ आणि २२ देणार का विचारा, एक विक्रीचा दाखला आणि दुसरा कंपनीचा गाडी रोडला लायक असल्याचा. तिथं दुकानदार आढेवेढे घ्यायला लागला की समजा. बॅटरी एआयएस १५६ या सुरक्षेच्या नियमाप्रमाणे पास आहे का तेही विचारा, २०२२ च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्या त्यानंतर हे नियम कडक केलेत. आणि चार्जरचे अँपिअर आणि भरायला लागणारे तास यांचा गुणाकार घरी एकदा करून बघाच, स्टिकरवरच्या एएचच्या आकड्यापेक्षा फारच कमी आला तर स्टिकर सोलून बघा.

आपल्या भागात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, पेटी हाताला गार लागू द्यायची. एक्स्टेंशन बोर्डावर नाही, अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर. रात्री दारात किंवा जिन्याखाली तर अजिबात लावू नका, पेटली तर घरातल्या लोकाला बाहेर पडायला तीच एक वाट असते. मी चार महिने दारातच लावत होतो आणि आत लेकरं झोपलेली.

तक्रारीचं म्हणाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंद झाली, दुकानदारानं उत्तरच दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, दोन वर्षाच्या आत जावं लागतं. वकील म्हणतात रोख दिलेल्या ४१ हजाराचं अवघड आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं पॅम्प्लेट आणि 'काका, ४० एएचच हाय, डोळे झाकून चालवा' असं त्यानं पाठवलेलं व्हॉइस रेकॉर्डिंग मी पुसलं नव्हतं, ते कामाला येईल. पुढची तारीख महिन्यानं आहे.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, बॅटरी काढून वेगळी ठेवलीय. परवा पिंगळीचा एक ओळखीचा शेतकरी आला, पोरगी कॉलेजला जाती, ३५ हजाराला द्या म्हणाला, पैसे खिशात घेऊनच आला होता. मेहुण्याचे चाळीस अजून फिटायचे आहेत, तरी नाही दिली. त्याला बसवलं, चहा दिला आणि दुकानात गेल्यावर काय काय विचारायचं ते पिग्मीच्या कोऱ्या पावतीच्या मागं लिहून दिलं. सगळ्यात वर लिहिलं, पूर्ण पैशाचं बिल.