न उठणारं व्हीएम आणि व्हर्ट-रेस्क्यू: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि हजेरीचे सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, की सकाळच्या पाळीला एखादं लिनक्स व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उठतच नाही. अशा वेळी इन्स्टॉलेशनची आयएसओ जोडत बसण्यापेक्षा लिबगेस्टएफएस या टूलसंचातलं व्हर्ट-रेस्क्यू बरं. व्हीएम बंदच राहतं आणि त्याची डिस्क एका छोट्या वेगळ्या मशीनमध्ये उघडते. डिस्क थेट होस्टला (व्हीएम चालवणाऱ्या मूळ मशीनला) जोडली आणि दोन्हीकडे एलव्हीएम ग्रुपचं (डिस्कच्या जागेच्या गटाचं) नाव एकच निघालं, की विषय हार्ड. इथे ती भानगड नाही.

मूळ इमेजला (व्हीएमच्या डिस्कच्या फाइलला) मात्र हात लावायचा नाही. क्यूईएमयू-आयएमजी या कमांडने तिच्यावर क्यूकाऊ2 ओव्हरले (फक्त बदल साठवणारी वेगळी फाइल) बनवा आणि दुरुस्ती त्यात करा. बॅकिंग फाइलचा, म्हणजे मूळ इमेजचा, फॉरमॅटही द्यावा लागतो, नाहीतर नव्या आवृत्त्या ओव्हरले बनवायला नकार देतात. व्हीएम त्या ओव्हरलेवरून नीट उठलं, की बंद करून कमिट, म्हणजे बदल मूळ इमेजमध्ये उतरवा. बिघडलं तर ओव्हरलेची फाइल उडवायची, विषय संपला.

कन्सोलवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' दीड मिनिट दिसून इमर्जन्सी मोड आला, तर आधी एफएसटॅब (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) बघा. काढून टाकलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तिथे राहिलेला असतो, किंवा एसडीए लिहिलेलं असतं आणि व्हर्टिओमुळे (व्हीएमसाठीचं आभासी हार्डवेअर) डिस्क झालेली असते व्हीडीए. एवढ्यासाठी रेस्क्यू नको, त्याच संचातल्या व्हर्ट-एडिटने ओळ दुरुस्त होते. डेटाच्या डिस्कना 'नोफेल' लावून टाका, म्हणजे त्या नसल्या तरी बूट अडत नाही.

'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)' म्हणत कर्नल पॅनिक आला, तर बहुतेकदा बूट पार्टिशन भरलेलं असतं आणि अपडेटमध्ये इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) अर्धवट राहिलेली असते. आधी ग्रबमधून (बूटच्या मेन्यूतून) जुना कर्नल निवडून बघा. तोही चालत नसेल तर व्हर्ट-रेस्क्यू '-आय'सह उघडा, डेव्ह, प्रोक आणि सिस हे तिन्ही फोल्डर सिसरूटखाली (व्हीएमची डिस्क तिथे माउंट होते) आरबाइंड करा, म्हणजे तिथेही दिसू द्या, मग चरूट करून व्हीएमच्या आत शिरा. जागा मोकळी करून ड्रॅकट (इनिट्रॅमएफएस बनवणारी कमांड) चालवा. इथेच बरेच जण फसतात: आत यूनेम ही कमांड होस्टच्या कर्नलचा नंबर दाखवतो, त्यामुळे नुसतं ड्रॅकट भलत्याच कर्नलसाठी फाइल बनवायला जातं. लिब-मॉड्यूल्समधल्या फोल्डरचं नाव बघून 'केव्हर'ने आवृत्ती द्या, सोबत 'नो-होस्टओन्ली', म्हणजे सगळे ड्रायव्हर आत येतात. व्हीएमवेअरवरून आणलेल्या मशीनच्या इनिट्रॅमएफएसमध्ये बहुतेकदा व्हर्टिओचा ड्रायव्हर नसतो, तिथेही औषध हेच.

एक्सएफएस या फाइलसिस्टमच्या बाबतीत घाई नडते. दुरुस्तीची कमांड लॉग (अजून डिस्कवर न उतरलेल्या बदलांची नोंद) मळका आहे म्हणून अडली, तर आधी एकदा माउंट करून अनमाउंट करा. लॉगमधले बदल आपोआप डिस्कवर उतरतात. माउंटच होत नसेल तरच लॉग पुसणारा '-एल', कारण शेवटच्या नोंदी त्यात जातात. ईआरपीच्या डेटाबेसला हे परवडत नाही.

तक्रारी दोन. उबुंटू होस्टवर बूटमधली कर्नलची फाइल फक्त रूटला वाचता येते, म्हणून साध्या युजरने चालवलं की टूल आपटतं. परवानगी बदलली तरी पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा तेच. दुसरी जास्त त्रासाची: आतलं छोटं मशीन होस्टचाच कर्नल वापरतं. होस्ट आरएचईएल 8 (रेड हॅटचं लिनक्स) आणि व्हीएम आरएचईएल 9 असेल, तर नव्या सोयींसह बनलेली एक्सएफएस माउंटच होत नाही. तिथे मुकाट्याने आरएचईएल 9ची आयएसओ जोडावी लागते.