ताइसीति की रेमॉन्तस? लिथुआनियात दुरुस्ती सांगताना

इंग्रजी 'रिपेअर'ला लिथुआनियन शब्दकोश दोन शब्द पुढे करतो. एक ताइसीति, दुसरा रेमॉन्तुओति, ज्याचं नाम रेमॉन्तस. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही रोज लोकांच्या तोंडी असतात. कुठलाही वापरलात तरी समोरच्याला कळतं. फक्त काय कळतं, तिथे गोची आहे. नुकतेच इकडे आलेले आपले लोक मला हमखास विचारतात की दोन्हींपैकी आधी कुठला पाठ करू. विल्नियसमध्ये माझं हे चौथं वर्ष. पहिलं वर्ष मी रेमॉन्तसवर काढलं.

त्याला कारणही होतं. रेमॉन्तस जिभेला सोपा. शिवाय प्रवासी शब्द आहे. पोलिश, रशियन, युक्रेनियन, लाटव्हियन, एस्टोनियन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच चालतो, त्यामुळे एकदा शिकलात की रीगा-ताल्लिनलाही उपयोगी. मूळ फ्रेंच. सैन्यात नवे घोडे भरती करणं असा त्याचा जुना अर्थ. रशियनमध्ये गेल्यावर तो हळूहळू डागडुजीकडे वळला. आपल्या लष्करातल्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमधलं 'रिमाउंट' याच घराण्यातलं. घोड्यापासून नळापर्यंत आलेला शब्द आहे म्हटल्यावर मलाही तो आवडला होता.

नळानेच घोळ केला. मी तेव्हा लाझ्दिनाइ भागात भाड्याने राहत होतो. सोव्हिएत काळातली पॅनेलच्या इमारतींची वसाहत. तिच्या वास्तुरचनेला 1974 साली लेनिन पारितोषिक मिळालेलं. झाडी सुंदर, नळ मात्र थकलेले. बाथरूममधला नळ रात्रभर ठिबकायचा. मी भाषांतराच्या अ‍ॅपला विचारलं आणि घरमालकीणबाईंना मेसेज टाकला: "वोन्योये रेइक्या रेमॉन्तो." माझ्या मते, बाथरूममध्ये दुरुस्ती हवी आहे.

रविवारी सकाळी बाई हजर. सोबत जावई, जावयाच्या हातात मोजपट्टी, बाईंच्या हातात टाइल्सचा कॅटलॉग. जावई भिंती मोजतोय, बाई माझ्यासमोर पानं उलटतायत, 'प्लीतेलेस, प्लीतेलेस' चाललंय. तीन आठवडे मी कुठे राहीन हेही त्यांनी विचारलं. शेवटी मी त्यांना आत नेलं आणि नळाकडे बोट केलं. टप. टप. बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग खोखो हसल्या. "ताइ च्याउपा पताइसीति!" अहो, म्हणजे नळ दुरुस्त करायचाय होय!

घराच्या बाबतीत रेमॉन्तस म्हणजे प्लास्टर, रंग, फरशी, पाइप, सगळं काढून नवं. आपण 'घराचं काम काढलंय' म्हणतो ना, ते. ठिबकणारा नळ हे 'काम काढणं' नव्हे. जावयाने जाताजाता वायसर बदलला, पाच मिनिटांत. पण रेमॉन्तो या एका शब्दापायी माझा रविवार आणि थोडी अब्रू गेली, ते मात्र मनात राहिलं. खरं सांगायचं तर माझा कौल तिथेच लागला. पुढची कारणं मागाहून सुचलेली आहेत, हे धरूनच वाचा.

ताइसीतिचा पसारा बघितला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. शाळेत बाई वहीतल्या चुका काढतात, ते ताइसीति. राज्यघटनेत बदल होतो, तो पताइसा. बिघडलेलं घड्याळ, तुटलेली चप्पल, उसवलेली पँट, यांनाही ताइसीतिच. म्हणजे आपली 'दुरुस्ती' जशीच्या तशी: घटनादुरुस्तीही तीच आणि पंख्याची दुरुस्तीही तीच. इंग्रजीत यासाठी करेक्शन, अमेंडमेंट, रिपेअर असे वेगवेगळे दरवाजे ठोठवावे लागतात. आपण मराठी माणसं इंग्रजीच्या वळशाने लिथुआनियन शिकतो, म्हणून चुकतो. 'रिपेअर'चं भाषांतर शोधण्याऐवजी 'दुरुस्त करणे' डोक्यात धरलं असतं तर मी वर्षभर आधीच सुटलो असतो. पाऊस थांबून ऊन पडलं की लोक 'ओरस पासिताइसे' म्हणतात, हवा सुधारली. तिएसुस म्हणजे सरळ, आणि ताइसीति त्याच कुळातला. एखाद्याला 'सरळ करणे' आठवतं की नाही?

पण त्याच्याशी जमवून घ्यायला वेळ लागतो, हे लपवत नाही. एक तर उपसर्ग. नुसतं ताइसीति म्हणजे काम चालू. पताइसीति किंवा सुताइसीति म्हटलं की काम पुरं. सायकलच्या दुकानात मी हे महागात शिकलो. (सायकलला द्विरातिस म्हणतात. द्वि तोच, रातस म्हणजे चाक, आपल्या रथाचा भाऊ. दुचाकीच की.) फोन केला की मिस्त्री म्हणायचा, "ताइसोम." मला वाटायचं झालं, आणि मी बस पकडून जायचो. तो शांतपणे सांगायचा, करतोय. तिसऱ्या खेपेला "सुताइस्याउ" ऐकलं, तेव्हा सायकल खरंच तयार होती. आपला शिंपी 'उद्या' म्हणतो, त्यापेक्षा हे प्रामाणिकच म्हणायचं.

दुसरं म्हणजे शेवटचा स्वर. ताइसीक्ला म्हणजे दुरुस्तीचं दुकान, ताइसीक्ले म्हणजे नियम. मी एकदा रस्त्यात एका आजोबांना बुटांच्या नियमांचा पत्ता विचारला आहे. त्यांनी तो सांगितलाही.

विभक्त्यांचं भय मात्र बाळगू नका. सात आहेत, आपण शाळेत आठ घोकल्या. पंचमीचं काम इथे षष्ठीच उरकते.

रेमॉन्तसला अगदी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. गाडीच्या बाबतीत सगळे तोच वापरतात, आणि गाडीला ताइसीति म्हटलं तरी कुणी हसत नाही. दुकानाच्या दारावर 'उझ्दारीता देल रेमॉन्तो' अशी पाटी दिसली तर परत फिरा, आठवडाभर तरी उघडत नाहीत. मोबाइलच्या दुकानांवर दोन्ही शब्द दिसतात. सोसायटीच्या सभेत रेनोवात्सिया ऐकू आला तर तो तिसराच प्रकार: जुन्या इमारतीला बाहेरून उबेचं आवरण, नव्या खिडक्या, आणि खर्चावरून भांडण. आपल्या रीडेव्हलपमेंटसारखं, फक्त इमारत पाडत नाहीत. रफूला आदीति, ठिगळाला लोपीति हे शब्द वेगळे आहेत, पण ते लगेच लागतील असं नाही. इथल्या आज्या ते काम अजून घरीच करतात.

तर माझ्यापुरतं सांगायचं झालं, तर हातात धरून दुकानात नेता येईल अशा वस्तूला आणि घरातल्या एखाद्या बिघाडाला पताइसीति. अख्खी खोली रिकामी करावी लागणार असेल तर रेमॉन्तस. तुम्ही बांधकामात किंवा गॅरेजमध्ये नोकरीला आला असाल तर तुमचा क्रम उलटा असू शकतो, आणि तो चुकीचा ठरणार नाही. बाकीच्यांनी आधी ताइसीति घोटावा असं मला वाटतं. 'सी' लांबवा, जोरही त्याच्यावरच द्या.

लाझ्दिनाइतल्या बाथरूमच्या हिरव्या टाइल्स मी सोडेपर्यंत तशाच होत्या. बाई अधूनमधून कॅटलॉगची आठवण काढायच्या. मी म्हणायचो, नळ छान चाललाय.