हँडलबारवर काय लावायचं? मोबाईल, घड्याळ, साधा मीटर की जीपीएस सायकल कंप्युटर

गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगडाचा चढ सुरू होतो. वर गाडीतळापर्यंत नऊएक किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटरच्या आसपास चढण. लागोपाठच्या दोन रविवारी मी एकाच सायकलवर हा घाट चढलो. पहिल्या रविवारी फोन जर्सीच्या मागच्या खिशात होता, त्यावर राईड नोंदणारं स्ट्राव्हा ॲप चालू होतं आणि छातीचा हार्ट रेट पट्टा फोनला जोडलेला होता. दुसऱ्या रविवारी तोच पट्टा हँडलबारवरच्या जीपीएस कंप्युटरला जोडला.

पहिल्या वेळी पाय ताजे होते म्हणून जोरात निघालो. दोन किलोमीटरच्या आतच ठोके १७५ च्या वर गेले, आणि शेवटच्या वळणांवर दोनदा उतरून उभं राहावं लागलं. कारण कळलं ते घरी आल्यावर, आलेख पाहताना. दुसऱ्या वेळी पहिल्या निम्म्या घाटात १६० च्या पुढे जायचंच नाही असं ठरवलं होतं. आकडा वर सरकला की गिअर हलका करायचा, बस्स. एकदाही न उतरता चार मिनिटं आधी वर पोहोचलो.

नोंद दोन्ही वेळा तेवढीच चांगली झाली होती. त्यामुळे कुणी "जीपीएस कंप्युटर घेऊ का?" असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुम्हाला राईडची नोंद हवी आहे की राईड चालू असताना स्वतःला लगाम हवा आहे?

नोंद हवी असेल तर फोन

किती किलोमीटर झाले, कुठून गेलो, किती चढलो, मागच्या महिन्यापेक्षा जास्त चालवली का, या सगळ्याची उत्तरं खिशातला फोन देतो. सायकल घेऊन सहा महिने झाले नसतील तर दुसरं काही घेऊ नका असंच मी सांगेन. त्या काळात आठवड्यातून चार दिवस नेमाने बाहेर पडणं हेच ट्रेनिंग असतं, आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

अडचण सुरू होते ती फोन खिशातून निघून हँडलबारवर चढला की. उन्हात वाचता यावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवावा लागतो, त्याने फोन तापतो, आणि तापला की स्वतःच पडदा मंद करतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं ॲपल सांगते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हा आकडा सकाळीच मागे पडतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. थेंब पडले की टचस्क्रीनला ती बोटंच वाटतात आणि पान आपोआप सरकत राहतं. कंपनांचाही प्रश्न आहे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसतं, पण बारीक टायरची सायकल आपल्या खड्ड्यांतून जाताना काय थरथरते ते हाताला कळतंच. महागडा फोन मी तिथे लावणार नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. बोपदेव घाटाच्या उतारावर आमच्यातला एक जण खडीवर घसरला. हँडलबार आधी आपटलं, त्यावरच्या फोनचा पडदा गेला, आणि घरच्यांचे सगळे नंबर त्याच फोनमध्ये होते. अडचणीच्या वेळी ज्या वस्तूने मदत मागायची, ती सगळ्यात पुढे, मार खायच्या जागी ठेवू नये. फोन खिशातच बरा.

घड्याळ आणि मीटर

धावणं किंवा पोहणंही करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ आधीच असतं. त्यांनी लगेच कंप्युटर घ्यायची घाई करू नये. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. हँडलबार घट्ट धरला की मनगट वाकतं, रस्त्याचे हादरे बसतात, आणि मनगटावरून मोजलेले ठोके चुकू लागतात. त्यामुळे छातीचा पट्टा घ्यावाच. दुसरं म्हणजे घाटात मनगट वळवून बघणं धोक्याचं असतं. हँडलबारला रबरी गोल बसवून घड्याळ त्यावर बांधलं तर हा प्रश्न सुटतो. आकडे लहान दिसतात, पण काम भागतं.

चुंबकाचा साधा मीटर अजूनही मिळतो आणि मला तो आवडतो. स्पोकवर चुंबक, फोर्कवर सेन्सर आणि नाण्याएवढा सेल, जो कित्येक महिने चालतो. चाकाचा घेर नीट भरला (७०० × २५ टायरला २१०५ मिलिमीटर) की वेग अगदी अचूक आणि तत्क्षणी दिसतो. बोगदा असो की दाट झाडी, त्याला उपग्रहांची गरजच नाही. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याने हाच घ्यावा. ट्रेनिंगसाठी मात्र तो अपुरा पडतो, कारण वेग हा ट्रेनिंगचा सगळ्यात फसवा आकडा आहे. समोरून वारा असला की तेवढ्याच मेहनतीत ताशी २८ चे २२ होतात, आणि वारा पाठीशी आला की काही न करता ३२. शरीराने किती काम केलं ते वेगावरून कळत नाही.

जीपीएस कंप्युटर नेमकं काय देतो

सर्वांत आधी पडदा. यातल्या बहुतेक यंत्रांचा पडदा ऊन जितकं कडक तितका स्पष्ट दिसतो, कारण तो बाहेरचाच उजेड परावर्तित करतो. बटणांचं मॉडेल घेतलंत तर ओल्या हातमोज्यांनीही चालतं. पावसात चालवणार असाल तर टचस्क्रीनच्या मोहात पडू नका.

दुसरं म्हणजे सेन्सर. पट्टा, केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे), वेग आणि पॉवर (पॅडलवर लागणारे वॉट) या चारही गोष्टी एकाच वेळी जोडता येतात, बहुतेक यंत्रांत ब्लूटूथनेही आणि एएनटी प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीनेही. आता बहुतेक फोनमध्ये एएनटी प्लस नसतं. एएनटी प्लसचा फायदा असा की एकाच पट्ट्याचा आकडा घड्याळ आणि कंप्युटर दोन्हीवर एकदम घेता येतो. ब्लूटूथवर बऱ्याच पट्ट्यांना एक-दोनच जोडण्या जमतात.

तिसरी गोष्ट इंटरव्हल, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. समजा, पुण्याच्या एनडीए रोडवर चार वेळा आठ-आठ मिनिटं जोर लावायचा आहे आणि मध्ये चार-चार मिनिटं सैल चालवायचं आहे. घरी बसून हा आराखडा यंत्रात भरला की रस्त्यावर ते शिटी देऊन सांगतं, सुरू करा, वेग सांभाळा, सोडा. मनात मिनिटं मोजताना तिसऱ्या फेरीत माणूस सात मिनिटांतच सोडून देतो आणि आठ झाली असं स्वतःला पटवतो. यंत्रासमोर ते चालत नाही. ठरवलेली मेहनत ठरवल्याइतकीच होणं हेच ट्रेनिंगचं मूळ आहे. लगाम म्हणतो तो हा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. ठोके मागून येतात. जोर लावल्यावर आकडा चढायला अर्धा-एक मिनिट जातं, म्हणून इंटरव्हलच्या पहिल्या मिनिटात तो वाढत नाही म्हणून आणखी जोर लावू नका. उन्हात लांब राईड असेल तर तेवढ्याच कामाला ठोके हळूहळू वाढत जातात, कारण शरीर थंड ठेवायलाही हृदयाला राबावं लागतं. पॉवर मीटरला या दोन्ही अडचणी नाहीत. पॅडलवर या क्षणी किती वॉट लागताहेत तेवढंच तो सांगतो. किंमत मात्र बऱ्याचदा कंप्युटरपेक्षाही जास्त असते.

चढाचा पडदा ही चौथी गोष्ट. मार्ग आधी भरलेला असेल तर घाट किती उरला आणि पुढचा टप्पा किती टक्क्यांचा आहे ते दिसतं. काही नवी यंत्रं मार्ग न भरताही हे दाखवतात. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट बऱ्यापैकी एकसारखा चढतो, तिथे याची फारशी गरज पडत नाही. सिंहगडावर मात्र मध्येच उभे तुकडे येतात आणि ते आधी माहीत असले की दम राखून ठेवता येतो. उंची मोजायला चांगल्या यंत्रांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, कारण उपग्रहांवरून मिळणारी उंची अंतराइतकी अचूक नसते. त्या सेन्सरचं बारीक छिद्र पावसाच्या थेंबाने बुजलं की सपाट रस्त्यावरही चढ दिसू लागतो. ताम्हिणीच्या पावसात हे मी दरवर्षी पाहतो. फुंकर मारली की आकडा ताळ्यावर येतो.

बीआरएम करणार असाल तर

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड. ती करायची असेल तर निवड आणखी सोपी होते. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. पडदा चालू ठेवून नकाशा दाखवणारा फोन पाच-सहा तासांत मान टाकतो. कंप्युटरची बॅटरी मॉडेलप्रमाणे १५ ते २५ तास किंवा त्याहूनही जास्त चालते. ६०० ला मात्र कुठल्या तरी कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर) चहा पिताना पॉवर बँक जोडावी लागतेच. चालत्या राईडमध्ये चार्ज होतो का, ते घेण्याआधी विचारून घ्या, आणि चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण पावसात उघडं राहू देऊ नका. ताम्हिणीसारख्या घाटात फोनला रेंज नसते, पण यंत्रातला मार्ग रेंजवर अवलंबून नसतो.

राईडची फाइल यंत्रातच राहते, हाही फायदा आहे. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिन या कंप्युटर बनवणाऱ्या कंपनीची ऑनलाइन सेवा काही दिवस बंद होती. तेव्हाही यंत्रांत राईड नोंदल्या जातच होत्या, आणि केबल लावून फाइल काढून ती स्ट्राव्हावर टाकता येत होती.

स्वस्त की महाग

जीपीएस कंप्युटर पाच-सात हजारांपासून मिळतात आणि चाळीस हजारांच्याही पुढे जातात. आयजीपीस्पोर्ट आणि ब्रायटनची सुरुवातीची मॉडेल्स खालच्या टोकाला, गार्मिनच्या एज मालिकेतली मोठी मॉडेल्स आणि वाहू वरच्या टोकाला. ठोके, केडन्स, चढ आणि फाइल या चार गोष्टी स्वस्त यंत्रही नीट देतं. जादा पैसे जातात ते मुख्यतः नकाशासाठी. स्वस्त यंत्रांत बहुधा मार्गाची नुसती रेघ दिसते, रस्त्यांची नावं नसतात. मोकळ्या महामार्गावर तेवढी रेघ पुरते. पेठांमधून किंवा अनोळखी गावातून बाहेर पडताना मात्र वळण हुकतं. दर महिन्याला नव्या भागात जाणाऱ्याने नकाशाला पैसे मोजावेत. त्याच तीन घाटांवर सराव करणाऱ्याने मोजू नयेत.

नकाशाचं यंत्र घेतलं तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नका. गावाकडचा एखादा रस्ता नकाशात पक्का दिसतो आणि प्रत्यक्षात त्यावर खडी पसरलेली असते. मार्ग घरी बनवताना उपग्रहाचं चित्र एकदा बघावं.

परदेशातून नातेवाइकांकरवी स्वस्तात मागवण्याबद्दलही बरेच जण विचारतात. माझा एक कंप्युटर तसाच आला होता. आठ महिन्यांत त्याचं बटण अडकलं आणि इथे वॉरंटी लागू झाली नाही. तेव्हापासून मी पावतीसकट इथल्याच दुकानातून घेतो. तिथे सुटे माउंट मिळतात का, तेही बघतो.

पैसे आधी कुठे घालायचे

मला विचाराल तर आधी छातीचा पट्टा, मग कंप्युटर, मग केडन्स सेन्सर. पट्टा नसलेला कंप्युटर म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला मीटरच. लगाम घालायला काही आकडाच नसतो त्याच्याकडे. पंधरा हजार हातात असतील तर सगळे एका यंत्रात घालण्यापेक्षा स्वस्त यंत्र, चांगला पट्टा आणि केडन्स असे वाटून घाला. जड गिअरमध्ये मिनिटाला पन्नासच्या केडन्सने रेटत गुडघे दुखवून घेणारे मला दर महिन्याला भेटतात. त्यांना केडन्सचा आकडा समोर दिसला तरी बराच फरक पडतो. पॉवर मीटर नंतर, तेही वर्षभर ठरवून इंटरव्हल केले असतील तरच.

तुम्ही नोंदीवाले असाल तर फोन खिशात ठेवा आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. धावणं-पोहणं आणि सायकल असं तिन्ही करत असाल तर घड्याळाला पट्टा जोडा. पण शर्यत, बीआरएम किंवा एखादा घाट ठरावीक वेळेत चढणं मनात असेल, तर कंप्युटर घ्या आणि निःशंक मनाने घ्या.

घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक काम करा. कंपनीने भरून दिलेल्या पानांवर दहा-दहा आकडे असतात, ते काढून टाका. चढाच्या पानावर ठोके, केडन्स आणि उरलेलं अंतर एवढंच ठेवा. वेग मी त्या पानावर ठेवतच नाही. आणि माउंट बसवताना सोबतची बारीक दोरी फेकून देऊ नका. पाव वळसा फिरवून बसवायचा तो प्लास्टिकचा दात एखाद्या खड्ड्यात सुटतो, आणि दोरी हँडलबारला बांधलेली असली की यंत्र मागच्या गाडीखाली न जाता तिथेच लटकत राहतं.